राजीनामा देणारा राजा

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या जत्रेला आलेली मंडळी इथल्या देवळांवरील कोरीव मूर्ती पाहून थक्क होतात आणि हे बांधले कोणी म्हणून विचारतात. बांधणारे कोणीही असोत. वीज पडून मोठ्या देवळाचे शिखर ढासळले तेव्हा डागडुजी करविली ती चांद्याच्या गोंड राजाने, असे जुनी माणसे सांगत आली. राजा म्हटला की त्याने पडझड सावरावी, ही आमच्या भागातली जुनी अपेक्षा.

ही अपेक्षा लोकांनी एकदा मतपेटीतूनही बोलून दाखविली. 1962 साली चांदा मतदारसंघाने लाल श्याम शाह यांना अपक्ष म्हणून लोकसभेवर धाडले. गडचिरोली जिल्हा व्हायला तेव्हा वीस वर्षे अवकाश होता. मार्कंडा चांदा जिल्ह्यातच मोडत असे. मौज अशी की, हे गृहस्थ महाराष्ट्रातले नव्हतेच! ते पानाबरसचे गोंड जमीनदार, म्हणजे मोहला-मानपूरकडचे. तो मुलूख त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आज छत्तीसगडात आहे. पण त्याही आधी पानाबरसची जमीनदारी चांदा जिल्ह्यातच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी दुर्ग जिल्हा नव्याने बनविला आणि ती तिकडे गेली. साहेबाने नकाशावर रेघ ओढली खरी, पण रानातल्या सोयरिकी त्या रेघेला विचारून जुळत नव्हत्या.

शाह यांचा जन्म 1919चा. 1951 साली मध्य प्रदेशात जमीनदाऱ्या कायद्याने संपल्या, म्हणजे ऐन तिशीत त्यांची गादी गेली. गादी गेलेला राजा एक तर शहरात बंगला बांधतो किंवा सत्ताधारी पक्षाची टोपी घालतो. शाह यांनी दोन्ही केले नाही. जंगल कोणाचे, तोडीचा लाभ कोणाला, जमीन कोणाच्या घशात जाते, हेच प्रश्न घेऊन ते गावोगाव हिंडले. 1960 साली रायपूरला काँग्रेस महासमितीची बैठक भरली, तेव्हा आदिवासींचा मोठा समुदाय घेऊन ते पंडित नेहरूंपुढे गाऱ्हाणे मांडायला गेले होते.

आणि मग लोकसभा. तिथे ते दोन वर्षेच राहिले. 1958 साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला होता. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना या रानात वसवायचे ठरले होते. ज्यांचे रान, त्यांना कोणी विचारले नव्हते. आदिवासींच्या दुःखाला दिल्लीत कोणी वाली नाही, असे पाहून शाह यांनी 1964 साली खासदारकीचा राजीनामा दिला.

इथे माझ्यातला मास्तर अडखळतो. आमच्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत त्या निर्वासितांची गावे आहेत. त्यांची नातवंडे-पतवंडे माझ्या वर्गात गोंड मुलांच्या शेजारी बसतात आणि माझ्याहून झणझणीत वऱ्हाडी बोलतात. ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यातल्या एकाने विचारले, “गुरुजी, मग आमचा आजा येऊच नये असं त्यायचं म्हणणं होतं का?” मी म्हटले, “बाबा रे, आजाला तरी कोणी विचारलं होतं?” पोर गप्प बसले, पण त्याचे समाधान झाले नसावे. माझेही झाले नाही.

दक्षिण आफ्रिकेत झुलूंचे एक पुढारी होऊन गेले, मांगोसुथु बुथेलेझी. आईकडून राजघराण्याचे रक्त. 1953 साली ते आपल्या कुळाचे प्रमुख झाले. गोऱ्या सरकारने झुलूंसाठी क्वाझुलू नावाचा ‘स्वदेश’ आखून दिला, त्याच्या कारभाराची खुर्ची त्यांनी स्वीकारली. त्यांनी 1975 साली इन्काथा संघटना उभारली. विरोधक त्यांना सरकारचे बाहुले म्हणत. पण आपल्याच देशात झुलूंना परके ठरविणारे लुटुपुटीचे ‘स्वातंत्र्य’ त्यांनी शेवटपर्यंत नाकारले. पुढे इन्काथा आणि मंडेलांची काँग्रेस यांच्या अनुयायांत हजारोंचे मुडदे पडले, तो डाग त्यांच्या नावावरून गेला नाही. तरीही 1994 साली मंडेलांच्या मंत्रिमंडळात ते गृहमंत्री झाले आणि 2004पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. 2023 साली पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले.

एकाने खुर्ची धरून ठेवली, एकाने सोडली. खुर्ची सोडणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, हे कबूल. पण शाह यांच्या राजीनाम्याने वसाहती थांबल्या नाहीत, आणि ज्या रानाने त्यांना पाठविले त्याचा दिल्लीतला आवाज मात्र गेला. माझ्या मते त्यांनी तिथेच बसून भांडायला हवे होते. ही मास्तरकी झाली. त्या सभागृहात एकट्याने बसणे काय असते, ते आपल्याला कुठे ठाऊक!

ते घरी मात्र बसले नाहीत. 1984 साली इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांखाली गोदावरी-इंद्रावतीकाठची गावे आणि जंगले बुडणार म्हणून ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उठले. बाबा आमट्यांच्या बरोबरीने पासष्टीचे शाह त्यात उभे राहिले. त्यांच्या हाती तेव्हा ना जमीनदारी होती, ना खासदारकी. 1988 साली ते गेले. ती दोन धरणे आजवर बांधली गेलेली नाहीत.