दिनविशेष : १० ऑक्टोबर
कोल्हापूरच्या शाळेचे वायल्डर

रेव्हरंड रॉयल गूल्ड वायल्डर यांचे १० ऑक्टोबर १८८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. त्यांच्या आयुष्यातली मोलाची वर्षे मात्र कोल्हापुरात गेली. अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये जन्मलेले हे पाद्री १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले. आधी अहमदनगर आणि डिसेंबर १८५२ मध्ये कोल्हापूर, असा त्यांचा प्रवास झाला. येथे आल्यावर त्यांनी शाळा उघडल्या. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याच्या तब्बल सहा दशके आधीची ही गोष्ट!

शाळांवरूनच त्यांचे स्वतःच्या मिशन मंडळाशी बिनसले. मिशनऱ्याने प्रवचनावर भर द्यावा, शाळांवर खर्च करू नये, असे बोस्टनच्या मंडळाचे धोरण होते. वायल्डर यांना ते पटले नाही. शाळांची बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले आणि मंडळाच्या आधाराविना पत्नी एलायझा यांच्यासह ते अमेरिकेहून कोल्हापूरला परतले. धर्मप्रसाराचा त्यांचा हेतू उघड होता; पण शिक्षणासाठी त्यांनी सोसलेली ही झळ शहराने विसरू नये.

त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच २ ऑगस्ट १८६३ रोजी जन्मला. अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा तो एक संस्थापक.

वायल्डर यांनी १८७० मध्ये आपले कोल्हापूरचे मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे सोपवले. मिरजेचे वॉनलेस रुग्णालय त्याच मिशनने उभारले. कोल्हापुरातील वायल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.