उष्णतेची गळती आणि भंडाऱ्याची घरे

'उष्णतेची गळती' हा शब्दप्रयोग मराठीत परकाच वाटतो. आपल्याकडे गळते ते छप्पर, आणि आत येते ते पाणी. मृगाआधी घर शाकारायचे ते त्यासाठीच. घरातली उष्णता बाहेर जाते आणि ते नुकसान होय, ही कल्पना थंड देशांची. थर्मल कॅमेऱ्याने इमारतींची पाहणी करण्याचे तंत्र याच कल्पनेवर उभे राहिले.

1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वाधिक चढला. त्याचा मुलगा जॉन याने 1840 मध्ये काजळी लावलेल्या कागदावर मद्यार्काच्या बाष्पीभवनातून उष्णतेची प्रतिमा उमटवली. पुढची मजल बव्हंशी लष्करी गरजांमुळे गाठली गेली. 1960 नंतरच्या दशकात स्वीडनच्या आगा कंपनीने नागरी वापराचे कॅमेरे बाजारात आणले. 1973 च्या तेलसंकटाने घर उबदार ठेवणे महाग झाले, आणि भिंतींतल्या फटी शोधायला हे यंत्र हाताशी आले. 1983 मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. आत ऊब, बाहेर गारठा, हे या साऱ्यामागचे गृहीतक.

भंडाऱ्याच्या मे महिन्यात ते उलटे होते. पारा 45 अंशांच्या आसपास असतो. आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री ते खालच्या खोलीत सोडत राहतो. रात्री दहा वाजता कॅमेरा रोखला, तर छत उजळ दिसेल. इथे उष्णतेने घराबाहेर जावे अशीच घरच्यांची इच्छा असते. मग तिला 'ऱ्हास' म्हणायचे की सुटका? जुन्या घराचे कवेलू तापतात लवकर, पण निवतातही लवकर. त्यांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, आणि मातीची जाड भिंत दुपारची झळ संध्याकाळपर्यंत अडवून धरते. अर्थात त्या घराचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. कवेलू माकडे फोडतात, दरवर्षी डागडुजी लागते. पक्क्या घराची ओढ खरी आहे. फक्त 'पक्के' हा शब्द पाऊस आणि आग यांचाच हिशेब ठेवतो, उकाड्याचा नाही.

निवासी इमारतींसाठी 2018 मध्ये आलेल्या 'इको निवास संहिते'ने ही दिशा ओळखली. थंड प्रदेश वगळता तिने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेलाच मर्यादा घातली: दर चौरस मीटरला 15 वॉट. छतासाठी वेगळा निकष आहे.

आता कॅमेऱ्याच्या वाचनाविषयी. तो तापमान थेट मोजत नाही, पृष्ठभागाकडून येणारे प्रारण मोजतो. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. घासून लखलखीत केलेली तिथली घागर यंत्रापुढे ठेवली, तर ती स्वतःची उष्णता जवळजवळ सांगतच नाही, समोरच्या भिंतीची सांगते. नव्या टिनाच्या चकचकीत पत्र्याचेही तसेच. त्यात वरच्या निरभ्र आकाशाचे गार प्रतिबिंब पडते. उंचावरून घेतलेल्या चित्रात असे घर निळे, म्हणजे थंड, दिसू शकते, आणि त्याच वेळी त्या घरातली माणसे खाटा उचलून अंगणात आलेली असतात.