सुडाकडून क्षमेकडे : बोसा नोव्हा गीतांचा एक विशेष

प्रेमभंगाचीं गाणीं सर्वच देशांत आहेत. परंतु दोष कोणाच्या माथीं मारला जातो, यावरून त्यांच्या संस्काराची पारख होते, असें आम्हांस वाटतें. ब्राझील देशांतील बोसा नोव्हा गीतांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

या गीतांपूर्वीं तेथें सांबा-कान्साव नामक संथ, विव्हळ गाण्यांचा अंमल होता. मद्यगृहांतील मेजावर कोपर टेकून बसलेल्या निराश प्रेमिकाच्या व्यथेस ब्राझिली लोक ‘कोपरदुखी’ म्हणतात. पोर्तो अलेग्रे येथील लुपिसीनिओ रॉड्रिगेस हा या व्यथेचा थोर गीतकार. लिंडा बातिस्ता हिनें १९५१ सालीं लोकप्रिय केलेल्या त्याच्या एका गीताचें नांवच मुळीं ‘सूड’! विश्वासघात करणारी व्यक्ति आतां रडत आहे, हें ऐकून त्यांत गाणाऱ्याच्या जिवास थंडावा मिळतो.

१९५८ सालीं रिओ दि जानेरो शहरांत वारें फिरलें. आंतोनिओ कार्लोस जोबिम याची चाल व कवि व्हिनिसिउस दि मोराइस याचे शब्द असलेलें ‘शेगा दि सौदाद’ हें गीत प्रथम एलिझेत कार्दोझो हिनें गाइलें. त्याच वर्षीं जुआंव जिल्बेर्तो यानें तेंच गीत गिटारीच्या साथीनें, जणूं कानाशीं बोलावें इतक्या हळू, गाइलें. हळू गाणारे पूर्वींहि होते. परंतु ध्वनिग्राहक यंत्रासमोर आक्रोशाचें प्रयोजनच उरलें नाहीं, हें त्यानें निर्विवाद सिद्ध केलें.

आवाज उतरला, तसा आरोपहि उतरला. याच जोडीचें व जिल्बेर्तोनें १९६१ सालीं गाइलेलें ‘इन्सेन्सातेझ’, म्हणजे ‘अविचार’, हें गीत पाहा. येथें गाणारा प्रेयसीस बोल लावीत नाहीं. तो आपल्याच हृदयाची कानउघाडणी करून त्यास क्षमायाचनेस धाडतो. क्षमा मिळेलच, अशी हमी मात्र त्यास कोणी देत नाहीं.

नॉर्मन गिम्बेल याच्या इंग्रजी रूपांतरांत आपण किती निष्ठुर भासलों असूं, ही खंत उरली, क्षमायाचना गळाली. इंग्रजींतूनच हें गीत ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांची ही हानि लहान नव्हे. खंत एकट्यानें घरीं बसून करतां येते; क्षमेसाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागतें, आणि तेथें चढा आवाज कामास येत नाहीं.