परक्या पेढीवरील पत : हुंडी, जोड-तिकीट आणि विमानप्रवासाचे मैल

एका पेढीत जमा केलेली रक्कम दुसऱ्या गावी, दुसऱ्या पेढीकडून मिळावी, ही व्यवस्था खानदेशाला नवी नाही. बऱ्हाणपूर हे मोगल काळी खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते, आणि बऱ्हाणपुराहून सुरतेस जाणारा मार्ग चोपडे, थाळनेर, नंदुरबार, नवापूर असा तापीच्या खोऱ्यातून जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिरी ताव्हेर्निये याने या मार्गाचे वर्णन केले आहे. इतकेच नव्हे, तर निरनिराळ्या शहरांहून सुरतेवर केलेल्या हुंड्यांची हुंडणावळही नोंदविली आहे. त्याच्या नोंदीप्रमाणे बऱ्हाणपुराहून सुरतेवर शेकडा अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, तर लाहोराहून सव्वासहापर्यंत दर पडे. अंतर वाढे तसा दर वाढे, हे या आकड्यांवरून सहज दिसते. मात्र हा दर केवळ अंतराचा नव्हता. वाटेतील जोखीम, दोन शहरांमधील व्यापाराचा तोल आणि दोन पेढ्यांमधील पत यांचाही तो दर होता.

विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांस जे ‘मैल’ देतात, आणि ज्यांच्या बदल्यात कधी त्या कंपनीच्या, तर कधी तिच्या सहयोगी कंपनीच्या विमानात जागा मिळते, त्या मैलांस आधुनिक काळातील चलन म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कोणी त्यांस हुंडीची उपमा देईल. उपमा आकर्षक आहे. तथापि ती कोठवर टिकते याची तपासणी केल्यावाचून स्वीकारणे इष्ट नाही. ती तपासणी करताना हुंडी आणि मैल यांच्यामधील एक दुवा लक्षात घ्यावा लागतो. तो दुवा म्हणजे रेल्वेचे जोड-तिकीट. आणि त्याचे उदाहरण जळगावाशेजारच्या पिंप्राळ्याच्या परिसरातच सापडते.

प्रथम शब्दांचा विचार. मराठीत ‘हुंडी’, ‘हुंडणावळ’, ‘हुंडा’, ‘हुंडेभाडे’ आणि ‘हुंडेकरी’ हे शब्द एका कुळातील आहेत. विवाहातील देण्याचा अर्थ आज सर्वतोमुखी असला, तरी मक्त्याचा अर्थ ‘हुंडेकरी’ या शब्दात स्पष्ट राहिला आहे. माल ठरलेल्या ठिकाणी पोचविण्याचा, वाटेतील जकात व इतर खर्च स्वतः सोसण्याचा एकवट मक्ता घेणारा तो हुंडेकरी. आणि अशा मक्त्याचे भाडे ते हुंडेभाडे. म्हणजे पैशाची ने-आण आणि मालाची ने-आण या दोन व्यवहारांना भाषेने एकाच कुळातले शब्द दिले. दोहोंतही धनी एकालाच ओळखतो, त्याच्याशीच ठराव करतो, आणि वाटेतील परक्यांशी त्याला देणेघेणे उरत नाही. परक्यांचा हिशेब तो एक जण पुरा करतो.

हुंडीच्या व्यवहारात मुख्यतः तीन पक्ष असत : हुंडी लिहिणारा, ज्याच्यावर ती लिहिली तो भरणारा, आणि जिच्या हाती ती आहे ती व्यक्ती, म्हणजे धारक. दर्शनी हुंडी दाखविताच भरावी लागे. मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहासच मिळत, त्यामुळे ती चोरीस गेली तर पैसे कोणी नेले याचा माग लागे. जोखमी हुंडी पाठविलेल्या मालाशी बांधलेली असे; माल वाटेत बुडाला तर ती भरण्याची जबाबदारी उरत नसे. हुंडी गहाळ झाल्यास ‘पैठ’ म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही गेल्यास ‘परपैठ’ मिळे. भरणाऱ्याने नकार दिला तर काय, याचीही तरतूद होती : लिहिणारा कित्येकदा त्याच गावच्या दुसऱ्या पेढीच्या नावे ‘जिकरी चिठ्ठी’ देऊन ठेवी, जेणेकरून पहिल्याने हुंडी परतविली तर दुसऱ्याने ती भरावी. आणि अखेरीस नकारलेल्या हुंडीबद्दल लिहिणाऱ्यावर व्याजासह भरपाईची जबाबदारी येई. हे नियम कोणत्याही दरबाराने घालून दिलेले नव्हते. ते रूढीने बांधलेले होते. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाने, देशी भाषांतील लेखांविषयीच्या स्थानिक रूढीस या कायद्याने बाध येत नाही, असे आरंभीच्याच कलमात नमूद केले. म्हणजे धारकाचे संरक्षण रूढीवर सोपविले गेले, आणि कायद्याने त्या रूढीस जागा दिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात दुसऱ्या प्रकारचा परका आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जळगाव-भुसावळ या बाजूने पुढे नेण्यात आला, आणि १८७० मध्ये जबलपूर येथे तो ईस्ट इंडियन रेल्वेस मिळाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसास आलेल्या भावाने जळगावची पेठ वाढली होती. आता तिच्यासमोर मुंबई आणि कलकत्ता अशी दोन्ही टोके मोकळी झाली. १९०० च्या सुमारास सुरतेहून अंमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वे तयार झाली आणि अंमळनेर-जळगाव हा जोडमार्ग जी. आय. पी. ने बांधला. जळगाव स्थानकाच्या पश्चिमेस असलेले पिंप्राळे, जे आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, अशा रीतीने दोन कंपन्यांच्या संधीजवळ येऊन बसले. सुरतेहून जळगावी येणारा उतारू एका कंपनीच्या लोखंडावरून निघे आणि दुसरीच्या लोखंडावरून पोचे. हुंडेकरी जे काम बैलगाडीने करी, तेच आता दोन कंपन्यांच्या करारावर सोपविले गेले.

अशा वाहतुकीत उतारूने दिलेले भाडे दोन कंपन्यांत कसे वाटावे, हा प्रश्न रेल्वे जेवढी जुनी, तेवढाच जुना आहे. इंग्लंडात १८४२ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे क्लिअरिंग हाउसने या प्रश्नाचे उत्तर मैलांच्या रूपाने दिले : ज्या कंपनीच्या मार्गावर जितके मैल प्रवास, तितका तिचा भाड्यातील वाटा. हिंदुस्थानातील रेल्वेही पुढे याच तत्त्वावर आपसांतील हिशेब चुकते करू लागल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘मैल’ हे हिशेबाचे माप प्रवाशाच्या हाती येण्यापूर्वी कितीतरी आधीपासून वाहतूक कंपन्यांच्या आपसांतील जमाखर्चात रुळलेले होते. प्रवाशास ते दिसत नसे. त्याला दिसे एकच तिकीट.

त्या एका तिकिटामागे कायदाही उभा होता. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमाच्या ८० व्या कलमान्वये, दोन किंवा अधिक रेल्वेंवरून जोड-नोंदणी झालेल्या प्रवाशास इजा झाली वा मालाची हानी झाली, तर ज्या रेल्वेने तिकीट दिले वा माल स्वीकारला तिच्यावर, किंवा ज्या रेल्वेवर ती हानी घडली तिच्यावर, दावा लावता येई. परक्या मार्गावरील आपली जबाबदारी मर्यादित करणारा कंपन्यांचा करार त्याच्या आड येत नसे. हुंडीच्या रूढीने जे साधले, तेच येथे कायद्याने साधले : धारकाने दोन पेढ्यांमधील भांडणात पडू नये. १९५१ मध्ये मध्य व पश्चिम रेल्वेची रचना झाल्यावरही सुरतेचा मार्ग पश्चिम रेल्वेकडे आणि जळगाव मध्य रेल्वेकडे अशी विभागणी राहिली. मात्र उतारूच्या तिकिटावर त्या सीमेची खूण उमटली नाही.

हवाई वाहतुकीने ही सारी यंत्रणा जवळजवळ जशीच्या तशी उचलली. १९४५ मध्ये हवाना येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे ‘आयाटा’, स्थापन झाली आणि १९४७ मध्ये तिचे क्लिअरिंग हाउस सुरू झाले. एका कंपनीने विकलेले तिकीट दुसरीने मानावे आणि त्यांचा हिशेब एकत्र चुकता व्हावा, हा त्याचा हेतू. तिकिटाच्या क्रमांकातील पहिले तीन अंक ते कोणत्या कंपनीने दिले हे सांगतात. एअर इंडियाचे ते अंक ०९८ आहेत, लुफ्थान्साचे २२०. हुंडीवरील लिहिणाऱ्याच्या सहीचे काम हे तीन अंक करतात.

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली प्रवासी-मैलांची योजना सुरू केली, आणि लौकरच युनायटेडने तिचे अनुकरण केले. आता मैल हे माप कंपन्यांच्या वहीतून प्रवाशाच्या खात्यावर आले. पुढे कंपन्यांचे संघ झाले. १९९७ मध्ये एअर कॅनडा, लुफ्थान्सा, स्कँडिनेव्हियन, थाई आणि युनायटेड या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्सची स्थापना केली. एअर इंडियाचा तीतील प्रवेश २०११ मध्ये स्थगित झाला होता. तो अखेर जुलै २०१४ मध्ये पार पडला. तेव्हापासून एअर इंडियाच्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’ खात्यावरील मैलांच्या बदल्यात मुंबईहून फ्रँकफुर्टला जाणाऱ्या लुफ्थान्साच्या विमानात जागा मागता येऊ लागली.

अशी जागा मिळते तेव्हा प्रत्यक्षात काय घडते, हे पाहिले म्हणजे हुंडीची उपमा कोठे बसते ते कळते. सहयोगी कंपनी आपल्या विमानातील काही थोड्या जागाच या कामासाठी मोकळ्या करते. किती व केव्हा, हे तीच ठरविते. प्रवाशाने जागा मागितली आणि ती मोकळी असली, की त्याच्या कंपनीच्या वहीत मैल नावे पडतात, ०९८ अंकांचे तिकीट निघते, आणि ठरलेल्या दराने ती कंपनी सहयोगी कंपनीस रक्कम देते. विमानतळाचे कर, व कित्येकदा इंधनाचा अधिभारही, प्रवाशाकडून रोख घेतला जातो. म्हणजे हे हुंडेभाडे नव्हे. वाटेतील जकात धन्याच्याच माथी राहते.

यावरून निष्कर्ष असा निघतो की हुंडी म्हणावयाची तर ती तिकिटाला म्हणावी लागेल, मैलांना नव्हे. तिकीट निघाल्यावर भरणारा बांधला जातो. १९९९ च्या माँट्रियल करारात करार करणारी कंपनी आणि प्रत्यक्ष वाहून नेणारी कंपनी असा भेद करून, प्रत्यक्ष वाहकाने केलेल्या प्रवासाबाबत प्रवाशास दोहोंपैकी कोणावरही दावा लावण्याची मुभा दिली आहे. आणि हवाई वाहतूक संस्थेने विनामूल्य केलेल्या प्रवासासही तो करार लागू केला आहे. भारतात तो २००९ पासून अंमलात आला. १८९० च्या ८० व्या कलमाचाच हा आंतरराष्ट्रीय वंशज होय. परंतु तिकीट निघण्यापूर्वी प्रवाशाजवळ जे असते ते केवळ पेढीच्या वहीतील खाते. त्या खात्यावर सहयोगी कंपनीची सही नसते. दर्शनी वा मुदती असा शब्द नसतो. नकार आला तर जिकरी चिठ्ठी नसते. खात्यातील शिलकीचा भाव कोणता, हे पेढी स्वतःच्या नियमांनी ठरविते व बदलते.

हा भेद शाब्दिक नाही, हे दोन घटनांवरून दिसून येते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे बंद पडली. तिची मैलांची योजना मात्र एका स्वतंत्र कंपनीच्या हाती होती, आणि तीत बहुतांश भाग एतिहादचा होता; म्हणून विमाने थांबली तरी वही उघडी राहिली, आणि त्याच वर्षी ती ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालविण्यात आली. धारक वाचला तो कोणत्याही हक्काने नव्हे; वही दुसऱ्याच्या घरी होती म्हणून. दुसरी घटना २०२४ ची. त्या वर्षी एअर इंडियाने आपल्या योजनेत गुण देण्याचा आधार अंतराऐवजी खर्च केलेली रक्कम हा केला. कोसांची जागा मैलांनी, मैलांची किलोमीटरांनी घेतल्यावरही विमानकंपन्यांच्या वहीत टिकून राहिलेले हे माप तेथे मागे पडले. लांबचे स्वस्त तिकीट काढणाऱ्यास जे मिळत असे ते कमी झाले. आणि त्यासाठी त्याची संमती लागली नाही.

खानदेशातील प्रवाशापुरते पाहिले तर तिसरी गोष्टही आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या जळगाव विमानतळावरून मुंबईची सेवा अनेक वर्षे कधी चालू, कधी बंद अशी राहिली. २०२४ मध्ये ती अलायन्स एअरने सुरू केली. ही कंपनी पूर्वी एअर इंडियाचीच उपकंपनी होती; जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली तेव्हा ती शासनाकडे राहिली, आणि त्या वर्षीच्या एप्रिलपासून दोहोंची तिकिटे वेगळी झाली. परिणामी पिंप्राळ्याहून परदेशी शिकणाऱ्या मुलाकडे निघालेल्या प्रवाशाने मैल देऊन मुंबईपासूनचे तिकीट मिळविले, तरी जळगाव-मुंबई हा टप्पा त्याला स्वतंत्र तिकिटाने करावा लागतो. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दोन्ही तिकिटांना जोडणारा करार नसतो. सुरतेहून जोड-तिकिटावर येणाऱ्या उतारूची सोय त्याला येथे नाही.

मराठीत हुंडी वटते, धनादेश वटतो, आणि मैलांनाही हेच क्रियापद लावता येते. पण वटण्याजोगी वस्तू होण्यासाठी तिच्यावर कोणाची तरी सही असावी लागते, आणि सही नाकारली गेली तर कोणाकडे जावे याचे उत्तर आधीच ठरलेले असावे लागते. सतराव्या शतकातील बऱ्हाणपूरच्या सराफांनी ते रूढीने ठरविले होते, १८९० च्या विधिमंडळाने कलमाने. मैलांच्या बाबतीत ते अद्याप केवळ पेढीच्या नियमावलीत आहे. म्हणून मैल साठवून ठेवण्यापेक्षा त्यांचे तिकीट लौकर करून घेण्यात जे शहाणपण अनुभवी प्रवासी पाहतात, त्याचे कारण काटकसर एवढेच नव्हे. त्यात वहीतील शिलकेचे सही असलेल्या कागदात रूपांतर होते. आणि पतीच्या इतिहासात धारकाचा हक्क त्या रूपांतरानंतरच सुरू झालेला दिसतो.