पावसाळ्यात तडकणारे पितळ

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा भरते. ही यात्रा विशेष प्रसिद्ध आहे ती घोड्यांच्या बाजारासाठी. या बाजारातून हिंडताना दोन गोष्टी चटकन लक्षात येतात. एक म्हणजे घोड्यांच्या साजातील पितळी घुंगरांची चकाकी. दुसरी म्हणजे जिथे जनावरे काही दिवस बांधलेली असतात तिथला नाकाला झोंबणारा वास. हा वास अमोनियाचा. घोड्याच्या मूत्रात युरिया असतो. मातीतले जीवाणू युरियाचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू बाहेर पडतो.

पितळ आणि अमोनिया यांचे जुने वैर आहे. ते उघडकीला आले भारतातल्याच पावसाळ्यात, घोड्यांच्या तबेल्यांमध्ये. आणि त्याचा उलगडा व्हायला १९२१ साल उजाडावे लागले. या हकिकतीतली पितळी वस्तू मात्र घुंगरू किंवा घंटा नाही. ती आहे बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी.

बंदुकीची गोळी ही नंदुरबारच्या माणसाला परकी गोष्ट नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार साथीदार याच गावात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या स्मारकापुढे आपण मुलांना घेऊन जातो तेव्हा गोळीचा उल्लेख होतोच. पण गोळी म्हणजे काडतुसाचा केवळ पुढचा तुकडा. तो सुटून जातो. मागे बंदूक चालवणाऱ्याजवळ उरते ती रिकामी पितळी पुंगळी. इतिहास गोळीचा लिहिला जातो. आज आपण पुंगळीकडे पाहू, कारण तिच्यात पदार्थविज्ञानाचा एक मोलाचा धडा दडलेला आहे.

कागदाकडून पितळाकडे

१८५७ च्या उठावातील काडतुसे सर्वांना ठाऊक असतात. ती कागदाची होती. कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची, अशी ती पद्धत. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच ब्रिटिश सैन्यात मागून भरायच्या बंदुका आल्या. त्यांच्यासाठी कर्नल बॉक्सर यांनी १८६६ मध्ये पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले काडतूस तयार केले. हे गुंडाळलेले काडतूस तापलेल्या बंदुकीत अडकून बसे. १८८५ च्या सुमारास सुदानच्या मोहिमेत या दोषाची फार ओरड झाली. मग एकाच तुकड्यातून ओढून काढलेली, बिनजोडाची पितळी पुंगळी सर्रास वापरात आली.

पितळच का, असे विद्यार्थी विचारतील. बार उडताच आतल्या वायूच्या दाबाने पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट टेकते, त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब ओसरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर काढता येते. यासाठी धातू ताणला जाणारा हवा, तसाच लवचिकही हवा. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ या दोन्ही अटी चांगल्या पाळते. म्हणूनच या मिश्रणाला काडतुसी पितळ असे नावच पडले आहे.

पितळाची चकती दाबून आधी वाटी करतात. ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढणीत धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. यालाच अनुशीतन म्हणतात. तापवल्यावर पृष्ठभागावर काळपट थर येतो. तो सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून काढतात आणि लगेच पाण्याने धुतात. म्हणजे पुंगळी साफ करण्याचे काम ती प्रथम वापरली जाण्याच्याही आधी सुरू होते.

न वापरताच तडे

एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याच्या हालचाली पावसाळ्यात थंडावत. त्या काळात दारूगोळा कोरड्या जागी ठेवावा लागे आणि बऱ्याच ठिकाणी अशी जागा म्हणजे तबेला. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या तर अनेक पुंगळ्यांना उभे तडे गेलेले दिसत. विशेषतः गोळी जिथे आवळून बसवलेली असते त्या मानेपाशी. काडतूस वापरलेले नाही, त्यावर काही पडलेले नाही, फारसा गंजही नाही. तरी धातू तडकलेला! पावसाळ्याच्या हंगामाशी संबंध दिसल्यामुळे आणि मुरवलेल्या लाकडाला पडणाऱ्या भेगांशी साम्य असल्यामुळे इंग्रजीत याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. आपण त्याला मोसमी तडा म्हणू.

या कोड्याची समाधानकारक उकल एच. मूर, एस. बेकिन्सेल आणि क्लॅरिस मॅलिन्सन या तीन इंग्रज संशोधकांनी १९२१ मध्ये मांडली. त्यांनी दाखवले की तडा जाण्यासाठी अनेक गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात. पहिली म्हणजे धातूत कोंडलेला ताण. शेवटच्या ओढणीत आणि मान आवळताना पितळाच्या आत ताण शिल्लक राहतो. बाहेरून कोणी ओढत नसले तरी धातूचा एक भाग दुसऱ्याला सतत ओढत असतो. दुसरी गोष्ट म्हणजे अमोनिया; तो घोड्यांच्या मूत्रातून मिळे. तिसरी म्हणजे ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन. पावसाळ्याने ओलाव्याची सोय केली होतीच.

आता आत काय घडते ते पाहू. पितळ बाहेरून एकसंध दिसले तरी ते असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते. ऑक्सिजन आणि ओलाव्याच्या मदतीने अमोनिया तांब्याला आपल्याशी बांधून निळे विद्राव्य संयुग बनवतो. ही झीज सर्व पृष्ठभागावर सारखी होत नाही. ती मुख्यतः दोन कणांमधल्या सीमेवर होते. ताण नसता तर तिथे नुसती बारीक खाच पडली असती. पण ताणामुळे खाच उघडते, ताजा धातू उघडा पडतो, त्याच्यावर पुन्हा अमोनियाची क्रिया होते आणि तडा पुढे सरकतो. वजनात घट जवळजवळ नाही. पण वस्तू निकामी.

उपाय या निदानातच होता. पावसाळा बंद करता येत नाही आणि सैन्यातून घोडेही लगेच घालवता येत नव्हते. पण ताण घालवता येतो. पितळ सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही वेळ ठेवले, तर त्याचा कडकपणा फारसा न घटता कोंडलेला ताण उतरतो. पुंगळीची मान तर स्वतंत्रपणे तापवतात. तापवल्याने मानेवर निळसर तपकिरी झाक येते. लष्करी काडतुसांवर ही झाक अनेकदा तशीच ठेवतात, कारण मान तापवली गेली आहे याची ती डोळ्यांना दिसणारी खूण असते. न जाणणाऱ्याला तो डाग वाटेल आणि तो घासून काढावासा वाटेल. जाणकाराला त्या डागावरून धीर येतो.

वापरलेली पुंगळी

एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येते. हिंदुस्थानात आलेले जुने इंग्रज शिकारी आपली पितळी काडतुसे स्वतःच भरत. आज अमेरिकेत आणि इतर काही देशांत हौशी नेमबाज हे काम घरी करतात. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. पुन्हा भरण्याआधी पुंगळी साफ करावी लागते. ती कशी साफ करायची याची उत्तरे काळाबरोबर बदलत गेली आणि प्रत्येक उत्तरामागे रसायनशास्त्र आहे.

काळ्या बंदुकीच्या दारूचा बार उडाला की तिच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग घनरूपात मागे राहतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असते. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात आणि सल्फाइड पितळ काळे करते. त्यामुळे अशी पुंगळी त्याच दिवशी पाण्याने धुवावी लागे. क्षार पाण्यात विरघळतात. प्रश्न तिथेच मिटे.

१८९० च्या दशकात धूररहित दारू आली. तिचा राळ फार थोडा. पुंगळ्या साफ करणे आता सोपे होईल असे वाटले असेल; पण घडले उलटेच. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पुंगळ्या दुसऱ्या वापरात फुटू लागल्या. दोष होता बार पेटवणाऱ्या टोपीतल्या पाऱ्याच्या फल्मिनेटचा. स्फोटानंतर त्यातला पारा मोकळा होतो आणि पितळात शिरून त्याला ठिसूळ करतो. काळ्या दारूचा भरपूर राळ या पाऱ्याला आपल्यात सामावून घेई. म्हणजे ती घाणच पितळाचे रक्षण करत होती. राळ गेला, दाब वाढला आणि पारा थेट धातूत जाऊ लागला. हा पारा कोणत्याही धुण्याने निघत नाही. म्हणून पुंगळ्या पुन्हा वापरणाऱ्या अमेरिकन सैन्याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पाराच सोडून दिला.

आज हौशी नेमबाज पुंगळ्या फिरत्या पिंपात घालतात. सोबत अक्रोडाच्या कवचाचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा असतो. भरडा घासत राहतो आणि पितळ उजळते. कोणी सायट्रिक आम्लाचे पातळ द्रावण वापरतात. दोन्ही पद्धती आपल्या घरच्याच आहेत: पहिली राखेने घासण्याची, दुसरी चिंचेने उजळण्याची. चिंचेतले टार्टारिक आम्ल पितळावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. मात्र पितळ आम्लात फार वेळ राहिले, तर पृष्ठभागातले जस्त आधी निघून जाते आणि तांबूस डाग दिसू लागतात. म्हणूनच घरातली बाई चिंच चोळली की लगेच भांडे पाण्याने धुते आणि कोरडे पुसते. कारखान्यातला कामगार आम्लातून काढलेली पुंगळी लगेच धुतो, त्याचेही कारण हेच.

पितळाला झटपट चकाकी देणाऱ्या काही द्रवांमध्ये अमोनिया असतो. काळा थर तो सहज विरघळवतो, कारण तांब्याला विरघळवणे हाच त्याचा गुण. नेमके याच कारणासाठी पुंगळ्यांवर असले द्रव वापरू नयेत, असे जाणकार बजावतात. मान आवळली की तिच्यात ताण परत येतो आणि अमोनियाचा अंश उरला असेल तर जुनी कथा पुन्हा सुरू होते. चकाकी आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पृष्ठभागावर असते, दुसरी आत.

साफ करताना निघणारी धूळही निरुपद्रवी नसते. आजच्या बहुतेक टोप्यांमध्ये शिशाची संयुगे असतात आणि ती त्या धुळीत उतरतात. त्यामुळे गोळीबाराच्या मैदानाजवळ मुलांना पुंगळ्या सापडल्या तर त्या खेळायला घेऊ देऊ नयेत. न उडालेले काडतूस दिसले तर त्याला हातच लावायचा नाही, पोलिसांना कळवायचे.

शाळेच्या कपाटापर्यंत

काडतुसाचा हा उद्योग आपल्या भागाला जवळचा आहे. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. नंदुरबारहून रेल्वेने भुसावळकडे गेले की पुढे वरणगाव लागते. तिथला कारखाना १९६४ चा. पण मूर आणि सहकाऱ्यांचा धडा कारखान्यांपुरता नाही. ताण आणि रासायनिक क्रिया एकत्र आल्या की धातू अचानक तडकतो. ही घटना आज पितळाखेरीज पोलादातही ओळखली जाते. बाष्पकांच्या बांधणीत आणि नळांच्या जाळ्यात अभियंते तिचा आधीच विचार करतात. गोठ्यातली पितळी तोटी किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी पडलेला पंपाचा पितळी जोड यांनाही तोच नियम लागू आहे.

वर्गात हे पाहायचे असेल तर बाजारातल्या पितळी पत्र्याच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एक वाकवून यू आकारात तारेने आवळून बांधा, दुसरी सरळ ठेवा. दोन्ही पट्ट्या एका बरणीत टांगा. तळाशी थोडे सौम्य अमोनिया द्रावण ठेवा. पट्ट्या त्यात बुडता कामा नयेत. झाकण लावा आणि रोज भिंगातून वाक पाहा. अमोनिया शिक्षकांनी स्वतः हाताळावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वाकवलेली पट्टी किती दिवसांनी तडकते, सरळ पट्टीचे काय होते, हे मुलांना नोंदू द्या. तडा गेला नाही, तर पितळात जस्त किती, ताण पुरेसा होता का, हे प्रश्न आपोआप उभे राहतील. जस्ताचे प्रमाण १५ टक्क्यांहून कमी असेल तर पितळ बरेच तग धरते, एवढे सूत्र त्यांच्या हाती द्यावे.

आणि एक काम त्याही आधी करावे, असे आम्ही सुचवू. प्रयोगशाळेचे कपाट उघडून पाहा. तराजूची पितळी वजने, लंबकाचे गोळे, विद्युत उपकरणांचे पितळी स्क्रू जिथे ठेवले आहेत, त्याच फळीवर अमोनियाची बाटली आहे का? बुचातून झिरपणारा वायू आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा एवढे पुरते. बाटली दुसऱ्या कपाटात हलवायला दोन मिनिटे लागतात.