खेळातला इतिहास, वर्गातले प्रश्न

'एम्पायर: टोटल वॉर' हा संगणकीय खेळ २००९ साली आला. अठराव्या शतकातील सत्तास्पर्धा हा त्याचा विषय. खेळाडूला त्यात मराठ्यांची बाजूही घेता येते. असा खेळ इतिहासाच्या वर्गात आणावा का? माझ्या मते आणावा, आणि एखाद्या संहितेसारखा चिकित्सक दृष्टीने वाचावा.

खेळ सुरू होतो १७०० मध्ये. त्यात मराठी सत्तेला 'मराठा कॉन्फेडरसी' असे नाव आहे. परंतु शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचे राज्यमंडळ पुढे शाहूकाळापासून घडत गेले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि अल्पवयीन पुत्राच्या नावे ताराबाईंनी कारभार हाती घेतला. हा कालविपर्यास विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढला, तर सनावळ्या पाठ करण्यापेक्षा तो अधिक शिकेल.

याहून मोठा प्रश्न नियमांचा आहे. खेळात जिंकणे म्हणजे मुख्यतः ठरावीक मुदतीत ठरावीक प्रांत ताब्यात घेणे. इतिहास या मापाने मोजता येतो का, हे देहूरोडच्या विद्यार्थ्याला घराजवळच पडताळता येईल. शेजारी तुकोबांचे देहू आहे. आणि देहूरोडलाच २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. या दोन्ही ठिकाणी कोणी प्रांत जिंकला नाही, तरी महाराष्ट्राचे मन घडले. म्हणून खेळ संपल्यावर वर्गाला एकच काम द्यावे: आपल्या गावाच्या इतिहासाचा खेळ रचायचा, तर गुण कशाला द्याल?