क्यूब पास झाला, स्लॅबचं काय?

गावात नवी पाण्याची टाकी झाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "क्यूब टेस्ट पास आहे." माझ्या मते हे वाक्य खरं असलं तरी अर्धंच आहे. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की लंडनच्या खासदारांना संसदेत बसवेना. मग बॅझलगेट या इंजिनिअरच्या हाताखाली मोठी भुयारी गटारं सुरू झाली. त्याचा सहकारी जॉन ग्रँट पोर्टलंड सिमेंटचे नमुने सात दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग ओढून तोडायचा. गटार पाण्यात राहणार, तर परीक्षाही पाण्यातच! मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

१९३९ मध्ये स्वीडनच्या वायबुलने पुढची गोष्ट गणितात बसवली. ठिसूळ वस्तू तिच्यातल्या सगळ्यात वाईट भेगेपाशी तुटते, साखळी कच्च्या कडीपाशी तुटावी तशी. त्यामुळे नुसती सरासरी ताकद सांगून भागत नाही, नमुन्यानमुन्यांत फरक किती तेही बघावं लागतं.

१९८१ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीतल्या संशोधकांनी सिमेंटात थोडं पॉलिमर घालून, ते जोरात मळून आतली मोठी छिद्रं घालवली. वाकवताना ते साध्या सिमेंटपेक्षा कैक पटींनी जास्त टिकलं. सिमेंटची चक्क स्प्रिंग करून दाखवली! पण घोडं अडलं पाण्यात. ओल लागली की त्याची ताकद उतरायची.

आता आपल्याकडे या. आयएस ४५६ प्रमाणे एम २५ म्हणजे सरासरी २५ नव्हे. शंभरातले पाचपेक्षा जास्त निकाल २५ च्या खाली जाऊ नयेत, असा त्याचा अर्थ. १५ सेंटिमीटरचा क्यूब २८ दिवस हौदात निवांत भिजतो आणि मग दाबून फोडला जातो. स्लॅबवर मात्र एप्रिलच्या उन्हात दोन दिवस पाणी मारलं की माणसं दुसऱ्या साइटवर. नियम किमान ७ दिवसांचा आहे, कोरड्या उन्हाळ्यात १०. क्यूबमुळे माल कसा होता ते कळतं, आपण पाणी मारलं की नाही ते कळत नाही.

म्हणून ग्रामसभेत नुसतं "पास का?" विचारू नका. माहितीच्या अधिकारात प्रत्येक क्यूबचा आकडा मागा, सरासरी नको. आणि काम चालू असेल तर संध्याकाळी एक चक्कर मारून स्लॅबवरचं गोणपाट ओलं आहे का, तेवढं हात लावून बघा.